जॉर्ज टाउनमधील इंधनाचा इतिहास: दर वाढतो तेव्हा भार कुठे जातो?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले, आणि तेव्हापासून गाडीचे मायलेज घटले की नाही यावर अखंड वाद चालू आहे. ऊर्जेपुरता पाहिला तर हा हिशेब सोपा आहे. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक लिटर इथेनॉलमधून सुमारे २१. म्हणजे २० टक्के मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे ऊर्जा साधारण सात टक्क्यांनी कमी. इंजिन या मिश्रणासाठी मुद्दाम जुळवलेले असेल तर त्यातील काही भाग भरून निघतो, जुन्या गाडीत निघत नाही. मला अधिक कुतूहल आहे ते निराळ्या गोष्टीचे. तेल महागते किंवा मिळेनासे होते, तेव्हा ज्याचे पोट चाकांवर चालते तो माणूस नेमके काय करतो? आणि त्याने जे काही वाचवले, ते कोणाच्या नावे खर्ची पडते?

या प्रश्नाचा माग काढण्यासाठी चेन्नईतील जॉर्ज टाउनइतकी सोयीची जागा मला दुसरी ठाऊक नाही. बंदर आणि उच्च न्यायालय यांना लागून असलेली ही जुनी व्यापारी पेठ. अँडरसन स्ट्रीटवर कागदाचा घाऊक बाजार, गोडाउन स्ट्रीटवर कापडाचा, पलीकडे सावकारांच्या नावाने ओळखले जाणारे सौकारपेट. मराठी वाचकाला या वस्तीतील तंबू चेट्टी स्ट्रीटवरचे काळिकांबाळ मंदिर कदाचित ऐकून ठाऊक असेल. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, शिवाजी महाराज येथे दर्शनास आले होते असे मंदिराची परंपरा सांगते. गल्ल्या अरुंद, मालाचे ढीग प्रचंड, आणि हा सारा माल रोज कोणाच्या ना कोणाच्या चाकांवरून हलतो. त्यामुळे इंधनाचा प्रत्येक धक्का इथे लवकर जाणवतो.

पहिला धक्का तर अक्षरशः तोफगोळ्यांचा होता. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास 'एम्डेन' ही जर्मन युद्धनौका मद्रासच्या किनाऱ्याजवळ आली. युद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि शहरातील दिवे नेहमीसारखे लखलखत होते. कप्तान कार्ल फॉन म्युलर याने निशाणा धरला तो बर्मा ऑइल कंपनीच्या बंदराजवळील तेलाच्या टाक्यांवर. अर्ध्या तासात सुमारे सव्वाशे गोळे सुटले, टाक्या पेटल्या आणि लाखो गॅलन तेल जळून गेले. काही गोळे शहरातही पडले. उच्च न्यायालयाच्या आवारातील फलक आजही त्याची साक्ष देतो. पुढील दिवसांत हजारो लोकांनी शहर सोडले. तमिळमध्ये 'एम्डन' हा शब्द धाडसी, पोहोचलेल्या माणसासाठी रूढ झाला तो याच रात्रीमुळे. त्या काळी तेल म्हणजे सामान्य घराच्या दृष्टीने मुख्यतः दिव्याचे रॉकेल. मोटारी मूठभर श्रीमंतांच्या. तरीही एका वसाहतीच्या शहराचे तेल ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे येते, किनाऱ्यावर उघड्या टाक्यांत साठते आणि एका जहाजाला ते अर्ध्या तासात पेटवता येते, हे त्या रात्री साऱ्यांना दिसले.

अठ्ठावीस वर्षांनी ब्रह्मदेशच हातचा गेला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे शिधावाटप १९४१ पासूनच चालू झाले होते. कुपनावर ठरावीक गॅलन मिळत. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. माघार घेणाऱ्या इंग्रजांनी सिरियमचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि त्यानंतर येनांजाउंगच्या तेलविहिरी आपल्याच हातांनी उद्ध्वस्त केल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बाँब टाकले आणि मद्रास पुन्हा एकदा रिकामे होऊ लागले. मलाया गेल्यामुळे रबरही दुर्मिळ झाले होते, तेव्हा टायरवरही शिधापत्रक आले. बस चालवायची तर कशावर?

उत्तर होते लोणारी कोळसा. जुन्या पिढीच्या तोंडून 'कोळशावरच्या मोटारी' हा शब्द महाराष्ट्रात अनेकांनी ऐकला असेल. मद्रासकडे कोळशाला 'करि' म्हणतात. तिकडे त्या 'करि गॅस बस'. बसच्या मागे किंवा बाजूला माणसाच्या उंचीचे एक लोखंडी पिंप उभे असे. त्यात कोळसा भरून तळाशी विस्तव करायचा आणि हवा मात्र मोजकीच सोडायची. तळाच्या थरात कोळसा पुरता जळून कार्बन डायऑक्साइड होतो. हा तप्त वायू पुढच्या लालबुंद कोळशातून जाताना आणखी एक कार्बन उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हवेत दमटपणा असेल किंवा थोडे पाणी सोडले असेल तर हायड्रोजनही मिळतो. हा वायू थंड करून, गाळणीतून काजळी आणि राख काढून इंजिनात सोडला की गाडी चालते. रसायनशास्त्र शालेय पुस्तकातले आहे. कसरत होती ती ते रस्त्यावर, खड्ड्यांतून, वेळापत्रकानुसार चालवण्याची.

सकाळी गाडी निघण्यापूर्वी क्लीनरला हातपंखा फिरवून विस्तव फुलवावा लागे. दहा-पंधरा मिनिटांनी वायू पेट घेण्याजोगा झाला की मग इंजिन. दिवसभरात मधूनमधून कोळसा घालायचा, राख काढायची, गाळण्या झटकायच्या. एवढे करून शक्ती निम्मी. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या वायूत निम्म्याहून अधिक भाग हवेतून आलेल्या नायट्रोजनचा, म्हणजे नुसत्या प्रवाशाचा. सिलिंडरमध्ये एका घुटक्यात मावणाऱ्या पेट्रोल-हवा मिश्रणात घनमीटरला सुमारे ३.७ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर कोळशाच्या वायूच्या मिश्रणात जेमतेम अडीच. एक तृतीयांश शक्ती इथेच गेली. उरलेली गळती नळ्यांतील अडथळ्यांत आणि अर्धवट विझलेल्या विस्तवात. म्हणून चढ लागला की प्रवाशांनी उतरायचे आणि धक्का मारायचा. युरोपची अवस्था निराळी नव्हती. युद्धाच्या अखेरीस तिकडे सुमारे दहा लाख वाहने लाकूड किंवा कोळशाच्या वायूवर चालत होती असा अंदाज आहे.

इथे हिशेबाची दुसरी बाजू मांडली पाहिजे. एक किलो लोणारी कोळशात साधारण २९ मेगाज्यूल ऊर्जा आणि पिंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर एक लिटर पेट्रोलच्या जागी दीड किलो कोळसा लागतो. हा सौदा वाईट वाटत नाही. पण एक किलो कोळसा पाडण्यासाठी जुन्या मातीच्या भट्टीत चार ते पाच किलो वाळलेले लाकूड जाते. म्हणजे लिटरभर पेट्रोल वाचवण्याची किंमत सहा-सात किलो लाकूड. मद्रासभोवतालच्या किनारपट्टीवर एकोणिसाव्या शतकापासून सुरूची लागवड होती ती सरपणासाठीच, आणि त्याच सुरूवर शहरातील चुली पेटत. आपल्याकडे ठाणे-कुलाबा पट्ट्यात कोळसा पाडण्याचे काम बव्हंशी कातकरी कुटुंबांच्या वाट्याला येई. भट्टीजवळ झोपडी बांधून, धुरात महिनोन्‌महिने राहून, उचल घेतलेल्या पैशांच्या फेडीत अडकून. कुपनावर पेट्रोल मिळत नाही म्हणून बसमालकाने पिंप बसवले, बस चालली, युद्धही चालले. त्या प्रवासाच्या तिकिटात कातकऱ्याचा धूर धरलेला नव्हता.

शिवाय या वायूचा मुख्य घटक कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. स्वीडनमध्ये या वायूच्या दीर्घकाळच्या विषबाधेचा त्या काळी पद्धतशीर अभ्यास झाला. डोकेदुखी, थकवा, विस्मरण अशा तक्रारी घेऊन वाहनचालक दवाखान्यांत येत होते. आपल्याकडचा क्लीनर पिंपाशी वाकून रोज पंखा फिरवत होता, त्याचे डोके दुखत असेल तर ते उन्हाच्या नावावर गेले असावे.

या सगळ्या काळात पेट्रोलची पर्वा न करणारे एक वाहन जॉर्ज टाउनच्या रस्त्यांवरून शांतपणे धावत होते. भारतातील पहिली विजेची ट्राम मद्रासला ७ मे १८९५ रोजी सुरू झाली. मुंबईची ट्राम तेव्हा घोडे ओढत होते आणि ती विजेवर यायला अजून बारा वर्षे होती. मद्रासच्या पहिल्या ट्रामची वीजवाहिनी रस्त्याखालच्या खोबणीत होती. पावसाळ्यात खोबणीत पाणी भरू लागले तेव्हा तारा डोक्यावर आल्या. कुपने नाहीत, पिंपे नाहीत. वीजघरात कोळसा असेपर्यंत ट्राम चाले. युद्ध संपले आणि पेट्रोल पुन्हा मिळू लागले. १९४७ पासून सरकारी बस धावू लागल्या. तोट्यात बुडालेल्या कंपनीची ट्राम १२ एप्रिल १९५३ रोजी थांबली. अवघ्या अकरा वर्षांपूर्वी शहर कोळशाच्या पिंपांवर तगले होते, त्याची आठवण या निर्णयाच्या वेळी कोणाला झाली असेल असे दिसत नाही. मुंबईनेही १९६४ साली तेच केले. स्वस्त तेलाच्या काळात घेतलेले वाहतुकीचे निर्णय महाग तेलाच्या काळात भोगावे लागतात असे मला फार दिवसांपासून वाटते आणि मद्रासची ट्राम हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

ती महागाई आली १९७३ मध्ये. ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांत पिंपामागे तीन डॉलरच्या आसपासचा दर बाराच्या घरात गेला. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले, ते छायाचित्र आजही दर पेट्रोलवाढीला फिरते. मद्रासमध्ये त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, तिचे छायाचित्र मात्र फिरत नाही. करुणानिधी यांच्या सरकारने माणसाने हातांनी ओढायच्या रिक्षा बंद केल्या आणि ओढणाऱ्यांना सायकलरिक्षा दिल्या. दोनच वर्षांपूर्वी एम. जी. रामचंद्रन यांनी 'रिक्षाकारन' या चित्रपटात रिक्षावाल्याची भूमिका करून राष्ट्रीय पुरस्कार मिळवला होता. रिक्षावाला तेव्हा तमिळ राजकारणाच्या केंद्राजवळ होता.

हातरिक्षा म्हणजे काय होते ते आकड्यांत पाहू. निरोगी माणूस दिवसभर टिकेल असे यांत्रिक काम करतो ते सुमारे ७५ वॉट दराने. आठ तासांत ०.६ किलोवॉट-तास. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ नऊ किलोवॉट-तास ऊर्जा असते आणि साध्या इंजिनातून तिच्यातले सव्वादोन तरी चाकांपर्यंत पोहोचतात. म्हणजे एक लिटर पेट्रोल म्हणजे एका माणसाची जवळजवळ चार दिवसांची मजुरी. जॉर्ज टाउनच्या तापलेल्या डांबरावरून धावणाऱ्या माणसाचे श्रम पेट्रोलपेक्षा 'स्वस्त' ठरत होते, कारण त्याच्या दिवसाची किंमतच तेवढी खाली ठेवलेली होती. दर वाढला की यंत्राकडून माणसाकडे परत जाणे सोपे असते, आणि अशा वर्षी माणसाने माणूस ओढण्याला सरकारने मनाई केली. नुसत्या दराच्या तर्काने पाहिले तर ही मुहूर्त चुकलेली गोष्ट; माझ्या मते त्या दशकातील वाहतुकीचा सर्वांत चांगला निर्णय हाच. सायकलीवर तेच अंतर चालण्याच्या एक तृतीयांशाहून कमी शक्तीत कापता येते. एरवी अनुदाने इंधनावर दिली जातात, इथे ते चाक आणि साखळीवर दिले गेले.

पण ती सायकलरिक्षाही ओबडधोबडच. गिअर नाहीत, ब्रेक जुजबी, वजन अवाढव्य. तिच्याकडे अभियंत्याच्या नजरेने पाहणारे लोक फार उशिरा भेटले, आणि ते आपल्या फलटणमध्ये. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिअर आणि चांगले ब्रेक असलेली सुधारित सायकलरिक्षा आणि तिच्यापुढचे पाऊल म्हणून बॅटरीवरची रिक्षा तयार केली. त्यावरील त्यांचा लेख २००२ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. याच संस्थेत उसाच्या पाचटापासून वायू करण्याचे प्रयोगही झाले आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८०च्या दशकापासून लाकडाच्या वायूच्या यंत्रावर गंभीर संशोधन झाले. १९४२ चे पिंप इतक्या वर्षांनी प्रयोगशाळेत आले ते बससाठी नव्हे, तर खेड्यातील पंप आणि विजेसाठी.

रस्त्यावरच्या चालकाने मात्र प्रयोगशाळेची वाट पाहिली नाही. पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात मोठी तफावत होती तोवर त्याने डिझेल इंजिने बसवली. जॉर्ज टाउनच्या उत्तरेला तिरुवोट्टियूरला एनफिल्डच्या कारखान्यात तर डिझेलची मोटारसायकलही तयार झाली, ती पेट्रोलच्या बुलेटपेक्षा लिटरला दुपटीच्या आसपास अंतर कापत असे आणि मागे काळा धूर सोडत असे. गरीब चालकाजवळ याहून स्वस्त उपाय होता: रॉकेल. शिधावाटपाचे रॉकेल आणि पेट्रोल यांच्या दरांत चौपटीहून अधिक अंतर असे. टू-स्ट्रोक रिक्षाच्या टाकीत थोडे मिसळले तर गाडी चालते. रॉकेल नीट जळत नाही, इंजिन ठोकते, पांढरट धूर निघतो. इंजिनाचे आयुष्य घटते ते मालकाचे, धूर जातो तो मागच्या सायकलवाल्याच्या छातीत. तेवढ्यावर थांबले असते तर तो भाबडा जुगाड म्हणता आला असता. पण तफावत मोठी असेल तिथे टोळ्या येतात. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलातील भेसळ उघडकीस आणू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भररस्त्यात जिवंत जाळण्यात आले. मराठी वाचकाला ती बातमी विसरता आलेली नाही. गरिबाच्या दिव्यासाठी स्वस्त ठेवलेले रॉकेल टँकरमध्ये का जाते, हे त्या दिवशी कोणालाही पाठ्यपुस्तकातून शिकावे लागले नाही.

पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून जून २०१० मध्ये मुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. चेन्नईत ऑटोरिक्षाचे अधिकृत भाडे ऑगस्ट २०१३ मध्ये ठरले: पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १२ रुपये. तेव्हा पेट्रोल लिटरला सत्तरीच्या घरात होते. जुलै २०२१ मध्ये ते शंभरापार गेले. पुढच्या महिन्यात राज्याने कर तीन रुपयांनी कमी केला तो तात्पुरता दिलासा ठरला. मीटरवरचे १२ मात्र त्या साऱ्या दशकात १२ च राहिले. लिटरला २७-२८ किलोमीटर धरले तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला अडीच-पावणेतीनवरून साडेतीन-पावणेचारवर गेला. वरवर पाहता फरक रुपयाचा. पण जॉर्ज टाउनच्या गल्लीतून भाडे सोडून परत येताना रिक्षा बहुधा रिकामी असते, म्हणून तो दुप्पट धरायचा. त्यावर सुटे भाग, विमा आणि घरातील तांदूळ-डाळीची दशकभराची महागाई. मग चालकाने मीटर झाकला आणि तोंडी भाव सांगू लागला. चेन्नईच्या रिक्षावाल्यांना उद्धट म्हणण्याची फॅशन आहे. न बदलणाऱ्या मीटरला कोणी उद्धट म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

गोडाउन स्ट्रीटच्या परिसरात आणखी एक वाहन दिसते, त्याला तिथे 'मीन बॉडी वंडी' म्हणतात. मीन म्हणजे मासा, वंडी म्हणजे गाडी. मासे वाहण्याच्या तीनचाकी गाड्याला भंगारातील दुचाकीचे इंजिन जोडलेले. नोंदणीच्या चौकटीत ते नीट बसत नाही, आवाज कानठळ्या बसवणारा, आणि तरी कापडाचे गठ्ठे गल्लीबोळांतून काढण्यात त्याच्याइतके वाकबगार दुसरे काही नाही. त्याच्या पायांखाली, फेब्रुवारी २०१९ पासून, मण्णडी आणि उच्च न्यायालय या स्थानकांतून मेट्रो धावते. १९५३ साली रस्त्यावरून काढलेले विजेचे वाहन ६६ वर्षांनी जमिनीखालून परत आले. गठ्ठे मात्र मेट्रोत नेता येत नाहीत.

गठ्ठेवाले आता बॅटरीच्या तीनचाकी गाड्यांकडे वळू लागले आहेत. विजेचा किलोमीटरमागचा खर्च पेट्रोलच्या तुलनेत खूपच कमी आहे आणि गल्लीतला धूर थांबतो, हे दोन्ही खरे. ती वीज कुठून येते तेही पाहावे लागते. जॉर्ज टाउनच्या उत्तरेला किनाऱ्याने गेले की एन्नूरची खाडी लागते. तिथे औष्णिक वीजकेंद्रे आहेत, आणि त्यांची राख वर्षानुवर्षे खाडीत उतरत आली आहे. जवळच मणलीला १९६९ पासून चालू असलेला तेलशुद्धीकरण कारखाना. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल वाहत येऊन एन्नूरच्या खाडीवर पसरले. होड्या काळ्या झाल्या, जाळी फेकून द्यावी लागली. तेल काढण्याची यंत्रसामग्री येईपर्यंत आणि आल्यानंतरही कोळी माणसे होडीत उभी राहून बादल्यांनी आणि मगांनी पाण्यावरचे तेल उपसत होती.